शंभर तास उशिरा

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घ्यायचं तर पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे, खाली कुंड आहे. बारा वर्षांनी या कुंडात गंगा येते, पाणी चढत जातं आणि देवाच्या चरणांना लागून ओसरतं, अशी आमच्याकडची श्रद्धा. मी लहान असताना आजी कुंडाचं पाणी ओंजळीत घ्यायची, डोळ्यांना लावायची आणि उरलेलं माझ्या तोंडात सोडायची. ते कोणी तपासलं, असं कुणी विचारत नसे. घरच्या नळाच्या बाबतीतही आम्ही ते कधी विचारलं नाही. "नळ आला काय जी?" एवढाच मोहल्ल्यातला रोजचा प्रश्न. आला की भरायचं.

आता सकाळी जारवाल्यांचे ऑटो फिरतात. वीस लिटरचा भरलेला जार दारात ठेवायचा, रिकामा उचलायचा. नळाचं पाणी आंघोळीला, भांड्यांना, प्यायला जार. ज्याला जार परवडत नाही, तो नळाचंच पितो. कुठला ठराव झाला नाही, निवडणुकीत कोणी मुद्दा काढला नाही, आणि तरी पिण्याचं पाणी एकेका घरातून खासगी होत गेलं.

आमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याने नागपूर गाठलं की हीच गोष्ट करारपत्रासह भेटते. तिथे आधी धरमपेठ झोनमध्ये प्रयोग झाला आणि मार्च 2012 पासून अख्ख्या शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम 25 वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे गेलं. फ्रान्सची व्हिओलिया आणि नागपूरची विश्वराज या दोघांची ती कंपनी. मालकी महापालिकेची, चालवणं कंपनीचं. लातुरात 2008 मध्ये दहा वर्षांचा करार झाला. मीटर आणि दरांवरून लोक रस्त्यावर आले आणि ती व्यवस्था मुदतीआधीच गुंडाळावी लागली. मुंबईत 2006 मध्ये अंधेरीच्या के-पूर्व वॉर्डासाठी जागतिक बँकेच्या पैशातून अभ्यास सुरू झाला, तोही लोकांनी पुढे सरकू दिला नाही.

या सगळ्या भांडणांत मी कायम एकाच बाजूला उभा राहिलो आहे. पाणी लोकांच्या संस्थेकडेच राहिलं पाहिजे, हे माझं मत आजही पक्कं आहे. पण आमच्या सभांमधून बोललं गेलं ते बिलाबद्दल, मीटरबद्दल, मालकीबद्दल. एक प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही: पाण्याचा नमुना तपासतो कोण, आणि रिपोर्ट वाईट आला तर तो फोन कोणाला करतो?

हा प्रश्न मला कॅनडातल्या एका गावानं शिकवला. वॉकर्टन, प्रांत ओंटारिओ, वस्ती साधारण 4,800. तालुक्याच्या ठिकाणाएवढंही नाही. त्या गावाचा मे 2000 मधला घटनाक्रम खाली देतो. तास उलटे मोजले आहेत. "पाणी उकळून प्या" असं गावाला ज्या क्षणी सांगितलं गेलं, तो क्षण शून्य धरला आहे.

शुक्रवार, 12 मे, संध्याकाळी 6 : अजून 211 तास

पाऊस गेले चार दिवस चालूच आहे. आज एका दिवसात 70 मिलिमीटर पडला. पाच दिवसांचा मिळून 134. आमच्या जुलैतल्या झडीची सवय असलेल्याला हा आकडा घाबरवणार नाही. पण गावाला पाणी देणारी 5 नंबरची विहीर उथळ आहे. 1978 मध्ये खोदलेली, केसिंग जेमतेम पाच मीटर. शेजारी एक शेत, तिथे गुरं. शेतकऱ्यानं शेणखत रीतसर टाकलं होतं, त्याची काही चूक नव्हती, असं पुढे चौकशीत स्वच्छ नोंदलं गेलं. त्या शेणातले जंतू पावसाबरोबर मातीतून आणि खडकाच्या भेगांतून विहिरीत उतरले. त्यांत ई. कोलायचा ओ157:एच7 हा प्रकार होता. तो गाईच्या पोटात निमूट राहतो. माणसाच्या, त्यातही लहान मुलाच्या पोटात गेला तर किडनीपर्यंत पोचतो.

शनिवार, 13 मे ते सोमवार, 15 मे

विहिरीवर रोजच्या नोंदीचा कागद असतो. त्यावर तारीख, उपसा आणि पाण्यात उरलेलं क्लोरीन लिहायचं. या तीन दिवसांच्या रकान्यात 5 नंबरच्या विहिरीपुढे 0.75 लिहिलेलं आहे. मिलिग्रॅम प्रति लिटर. तिन्ही दिवस 0.75. मोजलं कोणीच नव्हतं.

हे बारकाईनं सांगतो, कारण आपल्याकडेही हेच काम चालतं आणि ते किती साधं आहे हे पाहिलेल्यालाच कळतं. आपल्याकडे त्याला ओटी टेस्ट म्हणतात. बोटाएवढी काचेची नळी. नळाचं पाणी खुणेपर्यंत घ्यायचं, छोट्या बाटलीतून औषधाचे थेंब सोडायचे, नळी हलवायची. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर नीट पडलेली असेल तर पाणी बघता बघता पिवळं होतं, हळदीच्या पुसट पाण्यासारखं. पांढरंच राहिलं तर समजायचं की क्लोरीन नाही. एवढंच. दोन मिनिटांचं काम, शाळेतलं पोरही करू शकेल.

त्या तीन दिवसांत वॉकर्टनमध्ये कोणी ही दोन मिनिटं दिली असती तर नळी बहुधा पांढरीच दिसली असती. घाण वाढली की क्लोरीन तिच्याशी लढण्यातच संपतं, उरत नाही. न उरणं हीच धोक्याची घंटा. कागदावर मात्र 0.75 होतं.

हे काम सरकारी होतं, हेही लपवत नाही. पाणीपुरवठा गावच्याच सार्वजनिक आयोगाकडे होता. व्यवस्थापक स्टॅन कोबेल, मुकादम त्याचा भाऊ फ्रँक. दोघेही अनुभवावर परवाना मिळालेले, परीक्षा न देता. दोघेही ते कच्चं पाणी स्वतः पीत आणि चांगलं आहे म्हणत. क्लोरीन जास्त झालं की लोक वासाची तक्रार करत, म्हणून ते कमीच टाकत. "औषधाचा वास येतो हो पाण्याला" हे वाक्य मी आमच्याकडच्या कितीतरी ओट्यांवर ऐकलं आहे.

सोमवार, 15 मे, सकाळ : सुमारे 150 तास

स्टॅन कोबेल बाहेरगावाहून परतला. त्यानं 7 नंबरची विहीर सुरू केली. तिथला क्लोरिनेटर काढलेला होता आणि नवा बसवायचा राहिला होता. काही तासांनी हे त्याच्या लक्षात आलं, तरी विहीर चालूच राहिली. शुक्रवार दुपारपर्यंत हे बिनऔषधाचं पाणी नळांना जात राहिलं.

त्याच सकाळी पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून लॅबकडे गेले. गोष्टीचं मूळ या बाटल्यांत आहे.

1996 पर्यंत ओंटारिओत गावोगावच्या पाण्याचे नमुने प्रांत सरकारच्या लॅबमध्ये तपासले जात. तिथे वाईट नमुना आढळला की निरोप आरोग्य खात्याच्या माणसांपर्यंत जाई. मग खर्चकपातीचं सरकार आलं, पर्यावरण खात्याची साडेसातशेहून अधिक माणसं कमी झाली आणि सरकारी तपासणी बंद करून गावांना सांगितलं गेलं की खासगी लॅबकडे जा. लॅबला मान्यता हवी असा नियम केला नाही. वाईट रिपोर्ट आरोग्य खात्याला कळवलाच पाहिजे, असाही नियम केला नाही. मार्गदर्शक सूचना तेवढ्या होत्या. पाळल्या तर पाळल्या.

वॉकर्टनची आधीची खासगी लॅब वाईट रिपोर्ट आपणहून पर्यावरण खात्यालाही पाठवत असे. 2000 च्या सुरुवातीला तिनं असे काही पाठवले आणि खात्यानं त्यांचा नीट पाठपुरावा केला नाही, हा सरकारचा गुन्हा वेगळाच. पण निदान कागद पोचत तरी होता. 1 मेपासून गावानं लॅब बदलली. नव्या लॅबची समजूत अशी की रिपोर्ट हा गिऱ्हाइकाचा, तो गिऱ्हाइकालाच द्यायचा. व्यवहाराच्या रीतीनं पाहिलं तर त्यात खोट नाही. शिंप्यानं एकाचं माप दुसऱ्याला सांगू नये, तसंच. पण पाण्याच्या रिपोर्टाचा खरा धनी गाव असतो, हे त्या करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोलिव्हियातलं कोचाबांबा जगभर गाजत होतं. पाण्याचे दर भडकवणाऱ्या विदेशी कंपनीविरुद्ध अख्खं शहर उठलं, 17 वर्षांचा व्हिक्टर उगो दासा गोळी लागून गेला आणि करार रद्द झाला. खासगीकरण म्हणजे वाढलेलं बिल, हे आम्ही सगळे तिथूनच शिकलो. वॉकर्टनमध्ये बिल वाढलं नव्हतं. नळ, विहीर, टाकी, सगळं गावाचंच होतं. खासगी झाला होता तो फक्त एक कागद.

बुधवार, 17 मे, सकाळ : सुमारे 100 तास

लॅबमधून स्टॅन कोबेलला फोन आला. सोमवारच्या नमुन्यांत कोलिफॉर्म जंतू आहेत, ई. कोलायही आहे. एका नमुन्यात तर जंतूंची गर्दी मोजमापाच्या पलीकडे गेली आहे. पाठोपाठ फॅक्सही आला.

या क्षणी संपूर्ण ओंटारिओत सत्य माहीत असलेल्या जागा दोन: एक लॅब आणि एक कोबेलचं टेबल. आरोग्य विभागाला माहीत नाही, पर्यावरण खात्याला नाही, दवाखान्याला नाही, ज्या आया सकाळी दुधाच्या बाटलीत पाणी मिसळत होत्या त्यांना नाही. अनेकांच्या पोटात ते पाणी आधीच गेलेलं होतं आणि अजून कुणाला त्याची कल्पना नव्हती.

लॅबनं आणखी एक फोन केला असता तर? हा प्रश्न मी स्वतःला कितीदा विचारला असेल. त्या मुलीला किंवा मुलाला, लॅबमध्ये जो कोणी टेबलावर असेल त्याला, कोणी सांगितलंच नव्हतं की असा फोन करायचा असतो. ज्याचं काम होतं त्याला ते काम दिलेलं नव्हतं.

गुरुवार, 18 मे : तीन दिवस

दोन मुलं जवळच्या ओवेन साउंड शहराच्या दवाखान्यात भरती. शौचातून रक्त. शाळेत गैरहजेरी वाढलेली.

शुक्रवार, 19 मे, दुपार : सुमारे 48 तास

ओवेन साउंडच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांनी आरोग्य विभागाला कळवलं की हे ई. कोलाय असावं. विभागातल्या लोकांना आधी अन्नाचा संशय, कारण हा जंतू तिकडे मांसातून येतो असा अनुभव. तरी त्यांनी पाण्याची चौकशी करायला कोबेलला फोन लावला. पाणी ठीक आहे, असं उत्तर मिळालं. संध्याकाळच्या सुमारास पुन्हा फोन, पुन्हा तेच. तोवर त्यानं 7 नंबरवर नवा क्लोरिनेटर बसवला होता आणि पाइप धुऊन काढायला, जास्तीचं क्लोरीन सोडायला सुरुवात केली होती. म्हणजे काय झालं आहे हे त्याला कळत होतं.

पुढे चौकशीत हिशेब निघाला: याच शुक्रवारी गावाला सूचना दिली असती तर 300 ते 400 जण आजारी पडले नसते.

तो शनिवार-रविवार व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीचा होता. घरोघरी पाहुणे. पाहुण्याला आधी पाण्याचा ग्लास देतात, तिकडेही.

शनिवार, 20 मे, सकाळ : सुमारे 28 तास

एका मुलाच्या शौचाच्या तपासणीत ओ157:एच7 निघाला. आरोग्य विभागाचे आणखी फोन, तीच उत्तरं. आयोगाच्याच एका कर्मचाऱ्याला राहवलं नाही. त्यानं नाव न सांगता पर्यावरण खात्याच्या तातडीच्या क्रमांकावर कळवलं की वॉकर्टनचे नमुने नापास झाले आहेत. खात्यानं कोबेलला विचारलं, त्यानं टोलवलं. एकाला विचारायचं दुसऱ्याबद्दल आणि दुसऱ्यानं बोट दाखवायचं तिसऱ्याकडे, यात शनिवार गेला.

रविवार, 21 मे, दुपारी 1:30 : शून्य

स्थानिक आरोग्य अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनी कुणाच्याही रिपोर्टची वाट न पाहता जाहीर केलं: पाणी उकळून प्या. ही सूचना स्थानिक रेडिओवर गेली. टीव्हीवर नाही, घरोघरी पत्रकं नाहीत. त्या दिवशी अनेकांच्या कानांवर ती पडलीच नाही. विभागानं स्वतःचे नमुने घेतले.

सोमवार, 22 मे

पहिला मृत्यू.

मंगळवार, 23 मे

आरोग्य विभागाच्या स्वतःच्या नमुन्यांचा रिपोर्ट आला. पाण्यात ई. कोलाय. तेव्हा कुठे बुधवारचा तो फॅक्स आरोग्य विभागाला कळला. सहा दिवस तो कागद विभागापर्यंत पोचला नव्हता.

एकूण सात माणसं गेली. 2,300 आजारी पडले, म्हणजे गावाच्या जवळपास निम्मे. 27 जणांना हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम झाला, त्यात रक्तपेशी फुटतात आणि किडनी बंद पडते. यातली निम्मी एक ते चार वर्षांची मुलं. काहींच्या किडनीचं दुखणं आयुष्यभराचं झालं. नळाचं पाणी पुन्हा न उकळता प्यायला डिसेंबर उजाडला.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीचा अहवाल 2002 मध्ये आला. त्यांनी कुणालाच सोडलं नाही. कोबेल बंधूंनी खोट्या नोंदी केल्या. खात्यानं तपासणीत हलगर्जी केली. 5 नंबरवर क्लोरीन सतत मोजणारं यंत्र असतं तर ही साथ आलीच नसती. आणि 1996 मध्ये तपासणी खासगी करताना सरकारनं कळवण्याची सक्ती करायला हवी होती, ती केली नाही. ती सक्ती ऑगस्ट 2000 मध्ये झाली, माणसं गेल्यावर तीन महिन्यांनी. 2004 मध्ये भावांना शिक्षा झाली, एकाला एक वर्ष कैद, दुसऱ्याला नऊ महिने घरबंदी. नियम न करणाऱ्यांपैकी कोणाला शिक्षा झाली नाही.

ही गोष्ट सांगितली की मित्र म्हणतात, यात तर सरकारी माणूसच खोटारडा निघाला, मग खासगी कंपनी काय वाईट? मला हा युक्तिवाद टाळायचा नाही. कोबेलसारखी माणसं आपल्याकडे नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण खोटं बोलणारा माणूस कुठेही निघू शकतो, म्हणूनच तर रिपोर्टाला दुसरी वाट लागते. त्या वाटेवर आधी एक सरकारी लॅब होती, आणि खर्च वाचवताना तीच नेमकी उचलली गेली. पाणीपुरवठ्याचे तुकडे करून एकेक काम एकेकाला दिलं की प्रत्येक जण आपल्या कराराएवढंच करतो. उपसा एकाकडे, टाकी दुसऱ्याकडे, मीटर तिसऱ्याकडे, तपासणी चौथ्याकडे. या चौघांच्या मध्ये जी रिकामी जागा राहते, तिथे लहान मूल पाणी पीत असतं. गावाच्या हातात संस्था असली की निदान दार ठोठावून ती जागा कोणाची ते विचारता येतं. मी लोकसंस्थेच्या बाजूनं आहे तो यासाठी. नुसती मालकी लोकांची असून भागत नाही, हेही वॉकर्टननं माझ्या पदरात घातलं.

आपल्याकडे वाटा आहेत. ग्रामपंचायतीला जलसुरक्षक असतो, तो नमुने घेतो, ते जिल्ह्याच्या लॅबला जातात. पाण्याच्या जागांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाच्या टोकाला क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर असावं असं लिहिलं आहे. पण माझ्या दारात येणाऱ्या जारला कार्डाचा कुठला रंग आहे, हे मला कोणी सांगितलेलं नाही. आणि उद्या शहरं मोठ्या कंपन्यांशी 25 वर्षांचे करार करतील, तेव्हा वाईट रिपोर्ट किती तासांत, कोणाला, कोणत्या फोनवर कळवायचा हे कलम करारात आहे का, हे सभेत उभं राहून विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणून काल रात्री मी माहितीच्या अधिकारातला अर्ज लिहायला बसलो. प्रश्न तीनच. आमच्या नळाच्या पाण्याचे नमुने कोणती लॅब तपासते? गावात विकल्या जाणाऱ्या जारच्या पाण्याचे कोण तपासतं? नमुना नापास झाला तर पहिला फोन कोणाला जातो, आणि लोकांना ते कसं कळतं? अर्जाला उत्तर द्यायला कायद्यानं 30 दिवस मिळतात. पण माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर कलम 7(1) खाली 48 तासांत माहिती द्यावी लागते. वॉकर्टनच्या त्या शुक्रवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंत तेवढेच तास होते. अर्जाच्या शेवटी मी कलमाचा आकडा घालून ती ओळ लिहिली, खाली सही केली आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं.